कोतवालानं दिल्लीला नेलेला कागद

सेवाग्राम स्टेशनावर गाडी यायला अर्धा तास होता आणि माझे बाबा बाकावर बसून माझ्या फाइलमधले कागद मोजत होते. आई पदर तोंडाला लावून रडत होती. बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. अंगठ्याला थुंकी लावायची, कागद उलटायचा, ओठ हलवायचे. मोजून झाल्यावर त्यांनी फाइल माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बेचाळीस हायेत. तिथं उतरली का पह्यले मोजजो, मंग पानी पिजो." पोरगी पहिल्यांदा देशाबाहेर चालली आहे आणि बापाला कागदांची पडली आहे, याचा मला तेव्हा मनापासून राग आला होता. गाडी सुटली तेव्हाही त्यांनी हात हलवला नाही, फाइलकडे बोट दाखवलं.

तुम्ही जे अल्लीपुरातच आहात, त्यांना माझे बाबा रोज दिसतात. जे माझ्यासारखे पुण्याला, दुबईला, कुठं कुठं गेलात, त्यांनाही ते आठवत असतील: सायकल, खाकी सदरा, कॅरिअरला रेक्झीनची पिशवी. ते गावचे कोतवाल होते. कोतवाल म्हटलं की बाहेरच्या लोकांना तलवार आणि मिशा आठवतात. आपल्याकडे कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. तहसिलीतून नोटीस निघाली की ज्याच्या नावाची त्याला नेऊन द्यायची, सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि परत यायचं. घरी कोणी नसलं तर नोटीस दारावर चिकटवून मोकळं होता येतं. बाबांनी ती कधी चिकटवली नाही. "भिंतीले वाचता येते काय?" असं म्हणून ते दुसऱ्या दिवशी परत जायचे, तिसऱ्या दिवशी जायचे, नाहीतर थेट वावरात जाऊन माणूस गाठायचे. लोक त्यांना लांबून पाहून वाट बदलायचे. कोतवाल आला म्हणजे कागद आला, आणि कागदानं आजवर कोणाचं भलं केलंय? लहानपणी मला या सगळ्याची लाज वाटायची, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मी बी.कॉम. झाले आणि हिंगणघाटजवळच्या एका कारखान्यात कागदपत्रं सांभाळायला लागले. कारखाना जिनिंगची यंत्रं बनवतो, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. एक दिवस भाऊंनी जाहीर केलं की टांझानियातही कापूस पिकतो, आपली यंत्रं तिकडे चालली आहेत, तर दार-ए-सलामला आपली शाखा उघडायची. जायचं कोणी? दोन इंजिनिअर होते, दोघांचीही लग्नं ठरायची होती. भाऊ माझ्याकडे वळले. "यंत्र मंग बसवू. पह्यले कागद बसवा लागते. तू कोतवालाची पोरगी हाय, तूच जा." मी हो म्हणाले आणि घरी आईला सहा महिने सांगितले. शाखा नोंदवायची, पहिली यंत्रं सोडवायची, परत यायचं.

परक्या देशात आपल्या कंपनीची शाखा नोंदवायची म्हणजे काय, हे मी आईला सांगितलं तसंच तुम्हाला सांगते. नव्या गावात बिऱ्हाड करायचं तर जुन्या गावच्या चार भल्या माणसांची चिठ्ठी लागते, तसं ते आहे. कंपनी खरंच आहे, तिचा जन्मदाखला हा, तिचे नियम हे, मालक हे, मूळ पत्ता हा, असं सगळं शिक्क्यानिशी दाखवायचं. शिक्के चार: आधी नोटरीचा, मग व्यापारी मंडळाचा, मग दिल्लीत परराष्ट्र खात्याचा आणि शेवटी टांझानियाच्या दिल्लीतल्या वकिलातीचा. तिकडे ऑफिस थाटलं की महिन्याच्या आत हे कागद नोंदणी कचेरीत दाखल झाले पाहिजेत. आमची यंत्रं तर जहाजावर चढलीसुद्धा होती. शाखाच नसेल तर बंदरावर ती कोणाच्या नावानं सोडवायची? भाऊंनी स्पष्ट सांगितलं होतं, या हंगामाला जमलं नाही तर आफ्रिकेचा नाद सोडू. मग मी फाइल काखोटीला मारून परत, आणि पुढची दहा वर्षं कारखान्यात सगळे मला आफ्रिकेचे किस्से विचारणार.

घोटाळा निघायच्या आदल्या दिवशीच झाला होता, फक्त मला तेव्हा तो घोटाळा वाटला नाही. कारखान्यात नारळ फुटला. भाऊंच्या मंडळी, आमच्या काकू, ताट घेऊन आल्या. आपल्याकडे नवी वस्तू कोरी घराबाहेर पडत नाही. मोटारसायकल असो, वही असो, लग्नपत्रिका असो, हळदकुंकवाचं बोट लागलंच पाहिजे. काकूंनी माझ्या कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "फाइल खोल बाई. पह्यल्या पानाले लावू दे." पहिलं पान म्हणजे कंपनीचा जन्मदाखला, चारही शिक्के मारलेला. आमच्या घरी कागदाला हळदकुंकू लावत नाहीत, आम्ही बौद्ध. आणि नेमकं म्हणूनच मी तोंड उघडलं नाही. नको म्हटलं असतं तर काकूंना वाटलं असतं, हिला आमचं कुंकू चालत नाही. म्हणून मी फाइल उघडून धरली. काकूंनी मायेनं, चांगलं ओलं बोट टेकवलं. कुठं, तर बरोबर गोल शिक्क्यावर.

दार-ए-सलामची हवा वर्ध्याच्या उन्हासारखी कोरडी नाही, ती अंगाला चिकटते. उतरल्यावर मी बाबांचं ऐकलं, पाणी पिण्याआधी कागद मोजले, बेचाळीस भरले. मोजले, पण पाहिले नाहीत. एका खोलीचं ऑफिस भाड्यानं घेतलं, पाटी लावली आणि नवव्या दिवशी आमच्या तिथल्या वकिलांबरोबर नोंदणी कचेरीत गेले. वकील म्हणजे जुमासाहेब, साठीचे, बारीक अंगाचे, दर दोन वाक्यांनी चष्मा पुसणारे. खिडकीपलीकडे एक पोक्त बाई बसल्या होत्या. इथं थोरल्या बाईला मामा म्हणतात, म्हणून त्या मामा नीमा. त्यांनी पहिलं पान उचललं, उजेडाकडे धरलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. दमट हवेनं कुंकू पसरून अर्धा शिक्का खाऊन बसलं होतं आणि दुसऱ्या पानावरही उतरलं होतं.

"हे रक्त आहे का?" त्यांनी विचारलं.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सुटलेच. हळद, कुंकू, नारळ, काकू, आशीर्वाद, सगळं सांगितलं. मामा नीमांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "तुमच्या काकूंनी चांगलंच केलं," त्या म्हणाल्या, "पण मला शिक्का वाचता आला पाहिजे. नवे कागद आणा." सगळे कागद एकाच फितीत बांधून लाखेनं बंद केलेले, त्यामुळे एक पान बदलून भागणार नव्हतं. पहिल्यापासून चारही शिक्के. हातात एकवीस दिवस. मी कचेरीच्या पायरीवर बसून चांगली मोठ्यानं रडले. येणारे-जाणारे 'पोले, पोले' म्हणत होते. इथं कोणाचं काही बिघडलं की अनोळखी माणूसही थांबून 'पोले' म्हणतो, तुझ्याबद्दल वाईट वाटतं म्हणून. त्या दिवशी मला त्या शब्दाचा वैताग आला होता. आता मीच दिवसातून चारदा म्हणते.

भाऊंना फोन करून खरं ते सांगितलं आणि हात जोडून म्हटलं, काकूंना कळू देऊ नका. "नाई सांगत," भाऊ म्हणाले. पाच मिनिटांत काकूंचा फोन. "माह्याच हातानं तुह्या कामाचा सत्यानास झाला व बाई," म्हणून त्या रडायला लागल्या. मी त्यांची समजूत घालत राहिले आणि घालता घालता माझं रडू थांबलं.

आता कागद घेऊन फिरणार कोण, हा प्रश्न होता. हंगाम तोंडावर, कारखान्यातला एकेक माणूस यंत्रांवर. भाऊंना स्वतःला हलता येत नव्हतं. एजंट दिवसांची हमी देईना. घरी फोन केला तर बाबांनी आईच्या हातून तो घेतला. "कुठं कुठं शिक्के लागते, थे सांग." मी सांगितलं. "कोन चाल्लं मंग?" मी म्हटलं, कोणीच नाही, बाबा.

"मंग मी जातो. कागदच न्याचा हाय ना? थे मले येते."

बाबांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. गुडघे कुरकुरत होते. नागपूरच्या पुढे ते कधी गेलेले नव्हते. आईनं विरोध करून पाहिला, "या वयात दिल्ली काऊन?" त्यांनी पिशवी झटकली. ते निघायच्या दिवशी काकू आमच्या घरी आल्या. इतकी वर्षं मी त्यांच्या कारखान्यात होते, पण उंबरा ओलांडून आमच्या घरात त्या पहिल्यांदाच आल्या. खाली सतरंजीवर बसल्या, आईच्या हातचा चहा प्यायल्या आणि बाबांसाठी दशम्या आणि तिळाच्या चटणीचा डबा ठेवला. "फाइलले हात बी नाई लावला त्याहिनं," आई मला फोनवर सांगत होती आणि हसत होती. "दुरूनच नमस्कार केला."

नोटरी आणि व्यापारी मंडळाचं काम चार दिवसांत उरकून बाबा दिल्लीला पोचले, तिथल्या एका विहारात उतरले. रोज दुपारी फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं, "कागद माह्या मांडीवर हाय." तब्येतीचं मी विचारायचं, कागदाचं ते सांगायचे. तीन दिवस ते रांगेत उभे राहिले आणि त्यांचा नंबर लागला तेव्हा कळलं की ती रांग नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या पोरांच्या दाखल्यांची आहे. मी इकडे कपाळावर हात मारून घेतला. बाबा मात्र शांत. "चुकलंच माहं," ते म्हणाले, "मी साहेबालोकायले विचारत बसलो. शिपायाले विचाराले पायजे होतं. कागद कुठं जाते, थे शिपायाले माहीत रायते. मलेच तं माहीत राहे." मग त्यांनी दारातला शिपाई गाठला, त्याला आपली नोकरी सांगितली, दोघांनी डब्यातली दशमी खाल्ली, आणि त्यानं त्यांना योग्य खिडकीपुढे नेऊन उभं केलं. दुसऱ्या दिवशी शिक्का झाला.

वकिलातीतून त्यांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज जरा वेगळा वाटला. मला वाटलं, पुन्हा काही बिघडलं. "काम झालं," ते म्हणाले. मग थांबून, "मले खुर्ची देल्ली त्याहिनं. बसा म्हने. पानी देल्लं. कागद घेऊन गेलो अन् खुर्ची भेटली, असं पह्यल्यांदाच झालं पाय." हेच त्यांनी मला पुन्हा एकदा सांगितलं, आधी सांगितलं नसल्यासारखं. तीस वर्षं या माणसानं दारोदार कागद नेले आणि मी त्याची सायकल दिसली की मैत्रिणींसमोर मान खाली घालायचे. मी फोन ठेवला आणि मला माझी इतकी शरम वाटली की जुमासाहेबांनी काम झाल्याबद्दल पेढ्यासारखी काहीतरी मिठाई पुढे केली, ती मी तशीच हातात धरून बसले.

त्यांचा बेत कागद घेऊन स्वतः विमानात बसायचा होता. पासपोर्ट नाही म्हटल्यावर कुरिअरवर आले. कुरिअरच्या दुकानात त्यांनी तिथल्या माणसाची पुरती उलटतपासणी घेतली. कोण नेणार, तिकडे कोण उतरवणार, कोणाच्या हातात देणार? तो म्हणाला, पोचतं हो काका. बाबांचं समाधान झालं नाही. त्यांनी पेन मागून घेतलं. पाचव्या दिवशी माझ्या दारात पाकीट आलं तेव्हा इंग्रजी पत्त्याखाली बाबांच्या गिचमिड्या अक्षरात मराठीत लिहिलेलं होतं, 'फक्त हाती द्यावे. दारावर टाकू नये.' आणणाऱ्या तरुणानं विचारलं, हे काय लिहिलंय? मी सांगितलं. त्यानं दोन्ही हातांत पाकीट धरून मला दिलं. मी पाकीट छातीशी धरून तिथंच उभी राहिले. चार दिवस उरले होते.

आता सगळं सुरळीत होईल असं तुम्हाला वाटलं असेल, मलाही वाटलं होतं. अर्जाचा शेवटचा रकाना मी आधी नीट वाचलाच नव्हता. कंपनीच्या नावानं नोटीस आली तर ती घेणारी, या देशात राहणारी माणसं कोण, त्यांची नावं आणि पत्ते. जुमासाहेबांनी आपलं नाव लिहिलं आणि चष्मा पुसला. "मी दिवसभर कोर्टात असतो. दुसरं नाव रोज सापडणाऱ्या माणसाचं हवं. नोटीस घ्यायला कोणी नसलं तर निकाल आपल्याविरुद्ध जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तुझं लिहू? राहण्याच्या परवान्याचं मी बघतो. पण तू राहणार आहेस का?"

मी म्हटलं, उद्या सांगते. खरं सांगायचं तर उत्तर मला माहीत होतं. मला इथं राहायचं होतं. समुद्र आवडला होता, काम आवडलं होतं, कोणाची कोण म्हणून नव्हे तर मी म्हणून लोक ओळखायला लागले होते, तेही आवडलं होतं. आणि आवडलं म्हणून अपराधी वाटत होतं. ज्या बापानं गुडघे दुखत असताना माझ्यासाठी दिल्ली केली, त्यालाच सांगायचं की मी परत येत नाही? आईला तर सहा महिने सांगून आले होते. दुसरं नाव देता आलं असतं, जुमासाहेबांच्या कारकुनाचं. मग सहा महिन्यांनी मी मोकळी, दिलेला शब्दही खरा. त्या एका ओळीपाशी मी अडून बसले.

बाबा तोवर अल्लीपूरला परतले होते. मी फोन केला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. त्या कागदावर माझं नाव लिहिलं तर मी इथली झाले, बाबा. आईला काय सांगू?

मागे आईचा आवाज येत होता, ती कोणाला तरी मुंगवड्या वाळत घालायला सांगत होती. मग ते बोलले, आणि त्यांना इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलेलं नव्हतं.

"तीस वर्ष लोकायची घरं पाह्यली म्या. घर कोनाचं, थे सातबाऱ्यावरून नाई समजत. सातबाऱ्यावर एक नाव रायते अन् घरात दुसराच रायते. आपन दारात उभं राहाचं अन् नावानं आवाज द्याचा. आतून ओ आली, का थे त्याचं घर. लिही तुहं नाव. फक्त आवाज आला का ओ देजो. कागद पाहून लपून नको बसू. लपनारे लय पाह्यले म्या. तुह्या मायले मी सांगतो."

मी नाव लिहिलं. मामा नीमांनी पहिलं पान उजेडाकडे धरलं, शिक्का वाचला, पुन्हा वाचला आणि मान हलवली. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा मला काय करावं सुचेना, म्हणून मी त्यांना 'शिकामू' म्हटलं. इथं थोरांना असं म्हणतात. अर्थ विचारलात तर, मी तुमचे पाय धरते. यंत्रं सुटली, हंगामाला लागली. काकूंना मी प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. त्यांनी कळवलं, फोटोवर तरी लावू का गं एक बोट? लावा म्हटलं, पोटभर लावा.

आता तिसरं वर्ष. शाखेत आम्ही पाच जण आहोत. कचेऱ्यांतून कागद येतात, आणणारा खालूनच माझ्या नावानं हाक मारतो. प्रज्ञा त्याला जमत नाही, तो 'प्राग्निया' म्हणतो. मी जिन्यावरूनच ओ देते आणि खाली उतरते. कागद कडू असो की गोड, हातात घेते. परमुलखात मला उभं करणाऱ्यांची यादी केली तर त्यात कचेरीतल्या मामा, वकील, दिल्लीचा एक शिपाई ज्याचं नावही मला माहीत नाही, भाऊ, काकू, सगळे येतात. बाबांना त्या यादीत घालत नाही, कारण त्यांचे आभार मानले तर ते म्हणतील, कागदच तं नेला.

परवा आईनं फोनवर सांगितलं की गावात नवा कोतवाल आलाय, मतदार यादीची चिठ्ठी घेऊन दारात उभा राहिला आणि माझ्या नावानं हाक मारली. ती आत पोळ्या लाटत होती. "म्या ओ देल्ली, अन् हात पुसून बाहेर गेली," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई, माझ्या नावाची हाक, आणि ओ तू कशी दिलीस? मी कुठं आहे तिथं?"

"मंग?" आई म्हणाली. "तुह्या नावानं आवाज आला, अन् घरात कोनी नाई म्हनू काय?"